भीतीचं माप

रात्री साडेआठ वाजता उंदीरघराचे दिवे आपोआप विझायचे. पाचेक मिनिटं सगळं चिडीचूप. मग मांडणीच्या खालच्या फळीवर एक चाक खुरखुरायला लागायचं, वरच्या फळीवरचं दुसरं त्याला साथ द्यायचं, आणि बघता बघता सगळी खोली खडखडायची. चाळीतल्या घराघरांत एकदम शिवणयंत्रं सुरू व्हावीत, तसा तो आवाज. मी दाराशी तांबड्या दिव्याखाली उभी राहून ऐकायची. तांबडा उजेड उंदरांना जेमतेमच दिसतो, त्यामुळे त्यांच्या लेखी मी तिथे नसायचेच.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या ॲनिमल हाऊसमध्ये मी नऊ वर्षं पशुवैद्य होते. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडले तेव्हा डोळ्यांसमोर गायी-म्हशींचा दवाखाना होता. नोकरी मिळाली ती उंदरांची. घरी सांगितलं, तर वडील बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आपण वावरात त्यांना मारायला औषध ठेवतो, अन् तू त्यांची डॉक्टर?" त्यावर तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं.

काम शिकवलं ते मामांनी. मामा मुळशीकडचे. पिंजरे धुण्यात, तूस बदलण्यात, पाण्याच्या बाटल्या भरण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. 'ॲनिमल हाऊस' हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. त्यांच्यासाठी ते उंदीरघरच. मोठ्या पांढऱ्या उंदरांना सगळे 'रॅट' म्हणत, लहानांना 'माइस'. मामा मोठ्यांना 'गडी' म्हणायचे आणि लहानांना 'पोरं'. पिंजऱ्यात हात घालण्याआधी ते दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम करायचे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मॅडम, गार हातानं उचलू नका. त्याला वाटतं, साप आला."

आमच्याकडच्या एका गटाला बघायचं होतं की रोज धावणारा प्राणी ताण कसा सोसतो. त्यासाठी काही पिंजऱ्यांना चाकं जोडली होती. चाकाचा घेर सुमारे मीटरभर, कडेला एक छोटं चुंबक. फेरी पुरी झाली की काउंटरवरचा आकडा एकानं पुढे सरकायचा. रोज सकाळी आकडे वहीत उतरवायचे, वजन करायचं, आणि शेवटच्या 'शेरा' या रकान्यात काही वेगळं दिसलं तर लिहायचं, हे माझं काम. गड्यांना कुणी हाकत नव्हतं, बक्षीस म्हणून कुणी काही देत नव्हतं, तरी ते धावायचे. रात्रीत दोन-तीन किलोमीटर सहज. एखादी मादी पाचही करायची.

एका मादीचा काउंटर बिघडलाय, असं मला दोन आठवडे वाटत होतं. तीन रात्री बेताचा आकडा आणि चौथ्या रात्री एकदम दुप्पट. मी दुरुस्तीचा अर्ज लिहायला बसले तेव्हा मामांनी मागून वहीत डोकावलं. "बिघडलं काही नाही. तिची चौथी रात्र आहे." उंदराच्या मादीचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांचं असतं आणि माजाच्या रात्री तिचे पाय थांबत नाहीत. अमेरिकेतल्या संशोधकांनी ही गोष्ट १९२०च्या दशकातच नोंदवून ठेवली होती, हे मला पुढे वाचून कळलं. मामांनी ते कुठेच वाचलेलं नव्हतं. रात्रपाळीत त्यांनी ते ऐकलं होतं.

आता पाण्याबद्दल सांगायला हवं.

काचेचं उभं नळकांडं, त्यात पंचविसेक अंशांचं पाणी, तळाला पाय टेकणार नाही इतकं खोल. उंदराला त्यात सोडायचं. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, दुसऱ्या दिवशी पाच. बाहेर पडायला वाट नसते. आधी तो काचेवर पंजे मारतो, गोल गोल पोहतो, बुडी मारून बघतो. मग कधीतरी थांबतो आणि नाक तेवढं वर ठेवून तरंगत राहतो. हातात स्टॉपवॉच घेऊन हे तरंगण्याचे सेकंद मोजायचे. रॉजर पोर्सोल्ट आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ही चाचणी मांडली. नैराश्यावरची औषधं दिलेले उंदीर कमी तरंगतात आणि जास्त धडपडतात, असं त्यांना दिसलं. तेव्हापासून जगभरच्या वह्यांमध्ये तरंगणं म्हणजे निराशा आणि धडपडणं म्हणजे उमेद, असा हिशेब पडून गेला. आमच्याही वहीत तोच होता.

चाकावर धावलेले बहुतेक गडी पाण्यात जास्त वेळ हातपाय मारायचे. गटातले सगळे खूश होते. पण चौदा नंबरनं मला कोड्यात टाकलं. चाकावर तो सगळ्यांत पुढे. त्याचा काउंटर वाचताना मला त्याचं कौतुक वाटायचं. पहिल्या दिवशी तो पाण्यात भरपूर धडपडला. दुसऱ्या दिवशी मात्र सोडल्या सोडल्या दोन फेऱ्या मारल्या, सगळीकडून काच तपासली आणि सरळ तरंगायला लागला. पाच मिनिटं तसाच. मी शेऱ्यात लिहिलं, 'निराश'.

मामांनी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून कोरडं केलं. पिंजऱ्यात गेल्यावर त्यानं तोंड पुसलं, मिशा साफ केल्या, अंग चाटलं आणि खाण्याची गोळी पुढच्या दोन पायांत धरून कुरतडायला बसला. शेजारचा अकरा नंबर पाच मिनिटं एकसारखा धडपडला होता. वहीप्रमाणे उमेद असलेला तो. तो कोपऱ्यात अंग आक्रसून तासभर हलला नाही. मामा दोघांकडे बघत म्हणाले, "चौदाला कळलंय मॅडम. काल कुणीतरी वर काढलं होतं, आजही काढतील. उगीच दमून काय करायचं?"

मी 'निराश' खोडलं नाही. वहीत खाडाखोड करायची नाही, असा नियम होता. पण तो शब्द तिथून पुढे मला टोचत राहिला. बऱ्याच वर्षांनी, २०१६च्या सुमाराला, मी ती नोकरी सोडायच्या बेतात असताना, नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मामांच्या बोलण्याच्या जवळपासचं म्हणणं शास्त्राच्या भाषेत मांडलेलं वाचलं. दुसऱ्या दिवशीचं तरंगणं ही हार नसून शिकलेली, शक्ती राखून ठेवणारी रीत असू शकते, असं ते म्हणत होते. निसटता येत असेल तर धडपडणं शहाणपणाचं. निसटायला वाटच नसेल तर थांबणं शहाणपणाचं. संकटाला तोंड द्यायच्या या दोन तऱ्हा आहेत, आणि कुठली कधी वापरायची हे कळणं ही तिसरी गोष्ट.

चौदा नंबरच्याच काळात आमच्याकडे ट्रेडमिल आली. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी सगळे प्राणी मोजून सारखंच धावायला हवे होते. चाकावर कुणी तीन किलोमीटर धावतो, कुणी तीनशे मीटर. अशानं आकडे जुळत नाहीत. म्हणून हा सरकता पट्टा. प्रत्येकाला एकेक अरुंद कप्पा आणि कप्प्याच्या मागच्या टोकाला विजेच्या सळ्या. मागे पडलास की झटका. कागदावर हाही 'नियमित व्यायाम'च होता. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, आणि तोही दिवसा, म्हणजे उंदराच्या झोपेच्या वेळी.

दहा दिवसांत मला फरक दिसायला लागला. पट्ट्यावरच्या गड्यांची वजनं रेंगाळली. पिंजऱ्याकडे हात गेला की ते मागे सरायचे; एरवी ते हात हुंगायला पुढे यायचे. दोघांच्या शेपट्यांना जखमा झाल्या. एकानं तर धावणंच सोडलं. तो सळ्यांवर जाऊन बसायचा आणि झटके खात राहायचा. विद्यार्थी हताश झाला, मी चिडले, आणि यंत्र बंद करून वर कळवलं. "नमुन्यातून वगळा," एवढंच उत्तर आलं. त्या दिवशी मामा माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी जाताना फक्त म्हणाले, "ह्याला व्यायाम म्हणतात व्हय?"

प्रयोग संपला की प्राणीही संपवावा लागतो. नऊ वर्षांत ते काम मी दुसऱ्या कुणावर टाकलं नाही आणि त्याची सवयही होऊ दिली नाही. नंतर अवयव काढून तोलायचे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर अधिवृक्क ग्रंथी असतात. रॅटची एकेक ग्रंथी ज्वारीच्या दाण्याएवढी. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. थंडी, जखम, विष, अति श्रम, काहीही सोसायला लावलं तरी उंदराच्या शरीरात तेच तीन बदल होतात, असं त्यात होतं: ही ग्रंथी फुगते, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठरात व्रण पडतात. ताणाचं आधुनिक शास्त्र त्या टिपणापासून सुरू होतं. त्यामुळे मला खात्री होती की पट्ट्यावरच्यांच्या ग्रंथी मोठ्या निघतील आणि चाकावरच्यांच्या लहान.

पट्ट्यावरच्यांच्या मोठ्या निघाल्या. चाकावरच्यांच्याही मोठ्याच निघाल्या.

मी काटा दोनदा तपासला. मग वाचनालयात जाऊन बसले. आपल्या पायांनी, आपल्या मर्जीनं धावणाऱ्या प्राण्याच्याही या ग्रंथी वाढतात, हे इतरांनाही दिसलं होतं. धावणं हा शरीरावरचा ताणच असतो. मात्र त्या ग्रंथीतून ताणाचं संप्रेरक कधी आणि किती बाहेर येतं, ते ग्रंथीच्या वजनावरून कळत नाही. २००३ मध्ये सुझान ड्रोस्टे, योहानेस रूल आणि सहकाऱ्यांनी चार आठवडे चाकावर धावलेल्या माइसवर काम केलं होतं. नुसत्या अनोळखी पिंजऱ्यात ठेवल्यावर धावणाऱ्यांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरोन, म्हणजे ताणाचं संप्रेरक, बैठ्यांपेक्षा कमी चढलं. पण पाण्यात सोडल्यावर किंवा नळीत जखडून ठेवल्यावर धावणाऱ्यांचं बैठ्यांपेक्षा जास्त चढलं.

हे वाक्य मी तीनदा वाचलं. व्यायामानं मन शांत होतं, असं आपण एका दमात म्हणून टाकतो. इथे दिसत होतं ते वेगळं आणि जास्त कामाचं होतं. नवा पिंजरा म्हणजे किरकोळ गोष्ट, तिला थोडं घाबरायचं. बुडण्याची वेळ म्हणजे खरी गोष्ट, तिला अंगातलं सगळं लावायचं. धावणाऱ्याची भीती गेलेली नव्हती. तिला माप आलं होतं.

गावाकडची एक गोष्ट आठवली. आमच्या दोन बैलांपैकी सर्जा रोज कामाला जायचा. दुसरा पायाच्या दुखण्यानं पावसाळाभर गोठ्यात बांधलेला. दसऱ्याला त्याला बाहेर काढलं, तर वाऱ्यानं उडालेल्या पिशवीला बुजून त्यानं कासरा तोडला. सर्जानं त्या पिशवीकडे पाहिलंही नाही. पण त्याच सर्जानं एकदा बांधाच्या अलीकडे पाय रोवले आणि वडिलांनी कितीही हाकलं तरी पाऊल टाकलं नाही. पुढे घोणस होती.

असं माप येतं कुठून? कोलोरॅडो विद्यापीठात बेंजामिन ग्रीनवूड आणि मोनिका फ्लेश्नर यांनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे. थांबवता न येणारे विजेचे झटके सोसलेला बैठा उंदीर दुसऱ्या दिवशी सुटायची वाट समोर असूनही लवकर सुटत नाही, थिजून राहतो. सहा आठवडे चाक मिळालेला उंदीर तेच झटके सोसून वाट शोधतो. मेंदूच्या देठात सेरोटोनिन तयार करणारं एक केंद्र असतं. बैठ्यांमध्ये ते अशा वेळी भडकतं, धावणाऱ्यांमध्ये आवरतं राहतं. यातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे मुदत. तीन आठवड्यांचं धावणं त्यांच्या प्रयोगात पुरलं नाही, सहा लागले.

दुसरी गोष्ट सोबतीची. फेऱ्या नीट मोजता याव्यात म्हणून आम्ही चाकवाल्यांना एकेकटं ठेवत होतो. मामांना ते पहिल्यापासून खटकायचं. "एकट्यानं पळून अंगाला लागत नाही," म्हणायचे. मी हसायची. प्रिन्स्टन विद्यापीठात एलिझाबेथ गूल्ड यांच्या प्रयोगशाळेतून २००६ मध्ये आलेला निबंध हाती पडला आणि माझं हसणं थांबलं. धावण्यामुळे मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात नव्या पेशी वाढतात, हे आधीच माहीत होतं. या निबंधात दिसलं की सोबतीनं राहणाऱ्या उंदरांना हा फायदा लवकर मिळतो, एकट्या राहणाऱ्यांना उशिरा. एकटेपणाच्या जोडीला आणखी ताण आला, तर थोड्या दिवसांचं धावणं नव्या पेशींना मारकही ठरतं. मी तो कागद मामांना वाचून दाखवला. त्यांना नवल वाटलं नाही. पुढच्या तुकडीत आम्ही दोघा-दोघांना एकत्र ठेवलं. आकडे कुणाचे किती, याचा घोळ झाला आणि मला बोलणी बसली.

तिसऱ्या गोष्टीनं माझा एक लाडका समज मोडला. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की चाक आणि पट्टा यांत फरक मर्जीचा. स्वतःच्या इच्छेनं धावला की गुणकारी, सक्तीनं धावला की घातक. सांगायला सोपं आणि माणसांना आवडणारं. २०१३ मध्ये ग्रीनवूड यांच्याच गटानं काही उंदरांना मोटरवर फिरणाऱ्या चाकात सक्तीनं धावायला लावलं. मात्र ते चाक उंदीर स्वतःहून जसे धावतात तसं फिरायचं: रात्री, थोडा वेळ जोरात, मग थांबायचं, मग पुन्हा. मर्जी नसूनही या उंदरांना झटक्यांनंतर वाट शोधण्याचा तो फायदा मिळाला. ट्रेडमिलवरच्यांना मिळाला नाही. म्हणजे मर्जी हे सगळं उत्तर नव्हतं. मला वाटतं, चाल महत्त्वाची. थांबण्याची जागा ज्या धावण्यात आहे ते धावणं अंगी लागतं. वडील नांगराला बैल जुंपायचे तेव्हा तासाच्या टोकाला, वळणावर, त्यांना दोन श्वास उभं राहू द्यायचे. जुंपलेल्या बैलाला मर्जी कुठली? पण त्याच्या चालीचा मान मात्र असायचा.

चाकावर धावणं हे कैदेतल्या प्राण्याचं वेड आहे, असा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आणि तो मलाही छळायचा. नेदरलँड्समध्ये योहाना मेयर आणि एका सहकाऱ्यानं मोकळ्या जागेत, झाडीत आणि वाळूच्या टेकड्यांवर, चाकं ठेवून त्यावर कॅमेरे लावले. २०१४ मध्ये त्यांनी कळवलं की रानातले उंदीर आपणहून येऊन चाकावर धावतात. चिचुंद्र्या आल्या, बेडूक आले, गोगलगायीही आल्या. मामांना मी गोगलगायीचं सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. मला मात्र थोडं हलकं वाटलं. आमचे गडी कैदेत होते हे खरंच. पण रात्रीचं ते धावणं तरी त्यांचं स्वतःचं होतं.

पुढे मी नोकरी सोडून साताऱ्यात दवाखाना टाकला. कुत्री-मांजरी जास्त, गायी कमी. उंदीरघर मागे पडलं, असं वाटलं होतं. मग अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी बंड्या आला. तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर, तिसऱ्या मजल्यावर राहणारा, दिवसातून दोनदा दहा मिनिटं खाली जाणारा. मिरवणुकीचे ढोल-ताशे ऐकून तो मोरीत शिरला होता आणि दीड दिवस बाहेर आला नव्हता. मालक म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले काका. काकुळतीनं म्हणाले, "डॉक्टर, ढोलाला असा, तर दिवाळीत काय होईल?"

गरज पडली तर द्यायची औषधं लिहून दिली. मग नकळत बोटांवर मोजलं. अनंत चतुर्दशीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत सहा-साडेसहा आठवडे. उंदराचे सहा आठवडे कुत्र्याला लागू होत नाहीत, हे मला कळत होतं. पण हेलसिंकी विद्यापीठानं २०१५ मध्ये तीन हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा केली होती. आवाजाला जास्त घाबरणाऱ्या कुत्र्यांना रोजचा व्यायाम कमी मिळत होता. आता घाबरट कुत्र्याला मालकच बाहेर नेत नसेल, असंही असू शकतं. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे अशा पाहणीतून ठरत नाही. तरी चालण्यात धोका काय होता? मी काकांना म्हटलं, रोज सकाळ-संध्याकाळ त्याला चालवा.

आठवड्यानं काका आले ते अभिमानानं. पट्टा स्कूटरला बांधून ते बंड्याला रोज दोन किलोमीटर पळवत होते. मला सळ्यांवर बसलेला तो गडी आठवला. मी काकांवर जवळजवळ ओरडलेच. मग शांतपणे सांगितलं, "स्कूटर घरी ठेवा. चार भिंती टेकडीच्या चढावर जा. पट्टा सैल धरा. तो हुंगायला थांबला की तुम्हीही थांबा. त्याच्या नाकानं चालू द्या." काकांचा चेहरा पडला, पण त्यांनी ऐकलं. पुढच्या वेळी म्हणाले, "आता चढताना मलाही धाप लागत नाही. तो इतक्यांदा थांबतो."

लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेदहाला काकांचा फोन आला. मागे माळा तडतडत होत्या, त्यामुळे ते ओरडूनच बोलत होते. पहिला सुतळी बॉम्ब वाजला आणि बंड्या मोरीत पळाला. मी मनात म्हटलं, झालं. "पण पंधरा-वीस मिनिटांनी आपणहून बाहेर आला. पाणी प्यायला. परत मोठा आवाज झाला तर परत आत. आता माझ्या पायाशी बसलाय. कान पडलेत, पण बसलाय. भाकरी अर्धी खाल्ली." मग थांबून त्यांनी विचारलं, "घाबरतोय अजून. म्हणजे उपयोग नाही झाला का?"

ते औषधानं झालं, चालण्यानं, की काका जवळ बसले होते म्हणून, ते मला सांगता येणार नाही. एका कुत्र्यावरून काही सिद्ध होत नाही. पण सुतळी बॉम्बला कोण घाबरत नाही?

दुसऱ्या दिवशी त्याच्या केसपेपरवर मी तारीख घातली. खाली 'शेरा' हा रकाना होता. तिथे पेन क्षणभर थांबलं. वहीत खाडाखोड करता येत नाही, म्हणून यावेळी सावकाश लिहिलं: 'घाबरतो. बाहेर येतो.'